तोंडातल्या लायकेन प्लॅनसला पेस्ट, मलम की गुळणी?

लायकेन प्लॅनस म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराचा रेंगाळणारा दाह: गालाच्या आत पांढऱ्या रेघांची जाळी, मधेच लाल सोललेली जागा. भरीत किंवा शेवभाजीचा रस्सा लागला की नेमकी तिथेच आग. नुसती जाळी असेल आणि काही दुखत नसेल, तर औषध लागत नाही. आग असेल तर सुरुवात वरून लावायच्या स्टेरॉइडने, म्हणजे दाह कमी करणाऱ्या औषधाने. त्यातलं कोणतं, हे चट्टा कुठे आहे त्यावर ठरतं.

एक-दोनच चट्टे आणि बोट पोचतंय, तर ट्रायमसिनोलोन ०.१ टक्के पेस्ट. जेवणानंतर आणि झोपताना, तोंड धुऊन झाल्यावर जागा गॉजने टिपून कोरडी करा. मुगाच्या दाण्याएवढी पेस्ट बोटावर घ्या आणि दाबून बसवा. चोळू नका. चोळली की तिचे खरखरीत कण होतात आणि लाळेबरोबर निघून जातात. पुढचा अर्धा तास पाणीसुद्धा नाही. ‘गुण येत नाही’ म्हणणाऱ्या कित्येकांची पेस्ट मुळात टिकलेलीच नसते.

याने भागलं नाही तर क्लोबेटासोल ०.०५ टक्के, हे जास्त जोरदार स्टेरॉइड मलम. ट्यूबवर ‘फक्त त्वचेसाठी’ असं दिसलं की लोक घाबरतात. डॉक्टरांनी तोंडासाठीच लिहून दिलं असेल तर चालतं. हिरड्यांवर मात्र मलम टिकत नाही. त्यासाठी दंतवैद्याकडून मलम धरून ठेवणारा मापाचा मऊ ट्रे करून घ्यावा, आणि आधी दातांवरचं किटण काढावं, नाहीतर सूज हटत नाही.

दोन्ही गाल, जीभ सगळीकडे पसरलं असेल तर गुळणी: बीटामेथासोनची ०.५ मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी १० मिलिलिटर पाण्यात, दोन-तीन मिनिटं तोंडात खेळवून थुंकायची. गिळायची नाही, मधुमेह असेल तर मुळीच नाही.

मधेच पुसून निघणारा पांढरा थर आला तर ती बुरशी, स्टेरॉइडचाच परिणाम. त्यावर क्लोट्रिमाझोल माउथ पेंट. लायकेनची जाळी पुसून जात नाही. टॅक्रोलिमस या स्टेरॉइड नसलेल्या मलमाची पाळी स्टेरॉइडने भागलं नाही तरच. पहिले काही दिवस तेच झोंबतं.

गुटखा खाणाऱ्याचं तोंड उघडेनासं झालं असेल तर तो आजारच वेगळा, ही मलमं त्याची नव्हेत. आणि चट्टा कडक झाला किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर तुकडा काढून तपासायलाच हवा. क्वचित का होईना, यातून कॅन्सर होतो.

चट्टा फक्त चांदी भरलेल्या दाढेला टेकतो तिथेच असेल, तर मलमं बदलत बसण्याआधी ती चांदी काढून दुसरं भरण्याबद्दल विचारा.