आमची वाटचाल : आण्णांची मोठी पट्टी

लग्नकार्यात कुणी विचारलं काय करता, की मी सांगतो पॅटर्नचं वर्कशॉप आहे, आणि समोरचा म्हणतो "म्हणजे लातूर पॅटर्न? क्लासेस का?" हे दहा वेळा तरी झालंय. म्हणून आधी तेच सांगून टाकतो. फाउंड्रीत लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओततात, तो साचा उठवायला वाळूत जो नमुना दाबतात तो पॅटर्न. पार्ट आतनं पोकळ असेल तर त्या पोकळीसाठी वाळूचा कोअर लागतो, त्याचा कोअर बॉक्स पण आम्हीच करतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात एवढ्या फाउंड्र्या आहेत की त्यांच्या जिवावर आमच्यासारख्यांची घरं चालतात.

पॅटर्न हुबेहूब पार्टसारखा असतो असं लोकांना वाटतं पण तसं नसतंय. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, मीटरला साधारण १० मिलिमीटर, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायला लागतो. दरवेळी हिशोब कोण करत बसणार, म्हणून आण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, एक वेगळीच स्टीलची पट्टी होती, दिसायला साधी पण तिचा एकेक सेंटिमीटर जरासा लांब. श्रिंकेज स्केल म्हणतात तिला, आमच्यात नुसती "मोठी पट्टी". सातवीत असताना मी ती चुकून दप्तरात घालून नेली आणि भूमितीच्या पेपरात माझ्या सगळ्या रेघा लांब आल्या, बाईंनी मार्क कापले ते कापले, घरी आल्यावर पट्टी हलवली म्हणून आण्णांनी दिली ती वेगळीच.

आण्णांनी १९७९ ला उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात काम चालू केलं. तेव्हा उसाला पाणी पाजायच्या ऑइल इंजिनांचे पार्ट, पंपाचे पार्ट असलीच कामं. सागवान, रंधा, पटाशी, कानस, आणि शेवटी पॉलिश पेपर मारून मारून पॅटर्न असा गुळगुळीत करायचा की वाळूतनं काढताना एक कण पण हलता कामा नये. मी १९९६ ला आयटीआय करून आलो तोवर मोटरपंप घरोघर झाले होते, इंजिनाची कामं कमी होऊन गाड्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या पार्टची वाढली होती, पण आमची हत्यारं तीच.

२०१२ ला मी सेकंडहँड व्हीएमसी घेतलं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन. शिवाजी पेठेतल्या घरावर कर्ज काढून. गिऱ्हाईक कागदावरचं ड्रॉइंग सोडून थेट कॉम्प्युटरची फाइल पाठवायला लागले होते, हातानं पंधरा दिवसांत होणारं काम त्यांना चार दिवसांत पाहिजे होतं, त्यामुळं मला दुसरा रस्ता दिसत नव्हता. आण्णा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, ताटाकडं बघून जेवायचे आणि उठायचे. आमचे एक जुने मिस्त्री होते, लहानपणी मला खांद्यावर घेऊन जोतिबाला नेलेले, ते म्हणाले, "पोरा, काम मशीन करणार, मग मी काय तिला पंखा घालत बसू?" मी हसलो. हसायला नको होतं. दोन महिन्यांत ते सोडून गेले, आता दारं-खिडक्यांची कामं घेतात. मी त्यांना बसवून नीट सांगितलं असतं की फिनिशिंगला, जोडणीला तुमच्याच हाताची गरज आहे तर थांबले असते का, माहीत नाही. दिवाळीला फराळ घेऊन घरी जातो, चहा होतो, पण वर्कशॉपचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.

आणि मशीन आलं म्हणून लगेच सगळं भारी झालं असं काही नाही. दुसऱ्याच वर्षी एक मोठा जॉब आला, एका हाउसिंगचा, म्हणजे मशीनच्या बाहेरच्या कवचाचा. मी फाइल घेतली, एक टक्का श्रिंकेज घातलं, पॅटर्न काढला, चकचकीत, मलाच माझं कौतुक. फाउंड्रीनं अकरा कास्टिंग ओतली आणि अकराच्या अकरा रिजेक्ट. मी आधी फाउंड्रीवाल्याशी भांडलो, तुमची वाळू बरोबर नाही, तुमचा साचा ढिला आहे असलं काय काय बोललो. आण्णा काही न बोलता परत आलेल्या पॅटर्नजवळ गेले, मोठी पट्टी लावली आणि म्हणाले, "ड्रॉइंगला ४०० आहे न्हवं? मग माझ्या पट्टीवर ४०० यायला पाहिजे. हितं ४०४ येतंय. हे दोनदा वाढलंय." गिऱ्हाईकाच्या डिझाइनवाल्यानं फाइलमध्ये श्रिंकेज आधीच घातलं होतं, ईमेलमध्ये तसं लिहिलंही होतं, आणि मी तो ईमेल अर्धाच वाचला होता. दोन महिन्यांचे हप्ते त्यात गेले. फाउंड्रीवाल्याची जाऊन माफी मागितली, त्यानं मिसळ मागवली आणि विषय संपवला, कोल्हापुरात असलं चालतंय. त्या दिवसापासून मशीनवरनं उतरलेला पॅटर्न आधी आण्णांच्या टेबलावर जायचा, आणि आण्णा माझ्याशी जेवताना बोलायला लागले.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. तोवर आमचा हिशोब म्हणजे एक डायरी आणि माझं डोकं. बायको घरी दहावीच्या ट्यूशन घ्यायची, तिनं ती डायरी बघितली आणि म्हणाली, "मी येते वर्कशॉपवर." खोटं कशाला बोलू, मला लाज वाटली. बाई माणूस गाळ्यात येऊन बसणार, लोक म्हणणार याला परवडत नाही म्हणून बायकोला कामाला लावलंय. ती आली, पंधरा दिवसांत शोधून काढलं की एका जुन्या गिऱ्हाईकाकडं दीड वर्षाची बाकी आहे आणि मी त्याला बिलच दिलेलं नाही, संबंध चांगले म्हणून. तिनं बिल पाठवलं. पैसे आले. संबंध पण राहिले, हे मला जास्त लागलं, कारण एवढी वर्षं संबंधाच्या नावाखाली मी नुसता आळस करत होतो.

घरातलं गणित मात्र बदललं. ती संध्याकाळी सातला माझ्याबरोबरच घरी येणार मग स्वैपाक कोण करणार? आई गेल्यापासून आण्णांना तर सगळं हातात लागायचं. एक दिवस तीच म्हणाली, "मामा, आज चहा तुम्ही टाका की." ७१ व्या वर्षी आण्णांनी पहिल्यांदा गॅस पेटवला. साखर एवढी की चमचा उभा राहावा, पण आम्ही प्यालो. मी कुकर शिकलो, भाकरी अजून गोल होत नाही, एकदा पांढरा रस्सा करायला गेलो तर तो फुटला आणि पोरीनं त्याचा फोटो सगळ्या पाहुण्यांना पाठवला. पेठेत मित्रांनी चिडवलं, वर्षभरानं त्यातलाच एकजण हळूच विचारायला आला, भाताला पाणी किती घालतोस रे.

मग २०१९ चा ऑगस्ट. जुने पॅटर्न आम्ही शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ एका गोडाऊनमध्ये ठेवायचो, परत ऑर्डर आली की लागतात म्हणून. जयंती नाल्याचं पाणी तिकडं फुगतं हे माहीत होतं, पण २००५ च्या पुराची रेघ भिंतीवर होती आणि आम्ही सगळं त्या रेघेच्या वर, माळ्यावर रचलेलं. अख्खी गल्ली त्याच रेघेच्या भरवशावर झोपायची. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. हायवे शिरोलीजवळ बंद, वर्कशॉप कोरडं असून उपयोग नाही, कच्चा माल नाही, कामगार नाहीत. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर चाळीस वर्षांचं सागवान फुगून, सांधे सुटून, चिखलात. आण्णांनी हातानं केलेला एका इंजिनाच्या ब्लॉकचा पॅटर्न होता, तो उचलला तर दोन तुकडे दोन हातात आले. मला वाटलं आता आण्णा कोसळणार. ते म्हणाले, "जे धड आहे त्याची मापं काढून घे कॉम्प्युटरात. बाकीचं बंबात घाल." आम्ही महिनाभर तेच केलं, ७० पॅटर्नची मापं मिळाली, राहिलेले गेले. बंबात घालायला मात्र माझा हात झाला नाही, भंगारवाल्याला पण दिले नाहीत, मित्राच्या शेतात एका खोपटात पडून आहेत अजून. बायको विचारते कशाला ठेवलेत, उत्तर नाही माझ्याकडं.

लॉकडाऊनचं सगळ्यांचं सारखंच, त्यावर काय लिहायचं.

पोरगी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून २०२२ ला आमच्यात आली. मी म्हटलं होतं पुण्याला नोकरी कर, आपल्या धंद्याचं काय खरं नाही. ती म्हणाली आधी दोन वर्षं बघते. आता माझ्या फाइलमधल्या चुका काढते, गिऱ्हाईकासमोर काढते, मी बाहेर आल्यावर बोलतो आणि ती म्हणते, "पप्पा, आत बोलले नसते तर पॅटर्न गेला असता." बरोबर असतं तिचं. तरी राग येतो, आणि घरी जाईपर्यंत टिकतो कधीकधी.

सध्या सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, इलेक्ट्रिक गाड्या. त्यात इंजिनच नाही, म्हणजे ब्लॉक नाही, हेड नाही, ज्यावर आमच्यासारख्यांची निम्मी कामं चालतात. मला झोप लागत नव्हती, तेवढ्यात पोरीनंच एक चौकशी आणली, इलेक्ट्रिक मोटरच्या हाउसिंगचा प्रोटोटाइप, अल्युमिनियमचा, आधी वाळूत ओतून बघणार आहेत. आम्ही अल्युमिनियम फारसं केलेलं नाही. पॅटर्न मशीनवरनं उतरला तसा आण्णांच्या टेबलावर गेला, ७९ वय आहे पण सकाळचे दोन तास येतातच. मोठी पट्टी लावली, माप जुळेना, परत लावली. पोरगी म्हणाली, "आजोबा, अल्युमिनियम जास्त आकसतं, मीटरला १३." ते थोडा वेळ पट्टीकडं बघत बसले, मग म्हणाले, "व्हय की. ही लोखंडाची हाय, हिचं हितं काम न्हाई," आणि ती पुसून खिशात घातली. म्हणाले, "तुझ्या कॉम्प्युटरात किती लांब दावतंय ते दाव बघू." दोघं तासभर स्क्रीनसमोर, मला कुणी खुर्ची पण दिली नाही.

पॅटर्न शनिवारी फाउंड्रीत गेलाय. सॅम्पल बुधवारी ओतणार आहेत.