मेंदू उघडून बसलेली बाई

मिलानच्या कॅथेड्रलमध्ये संत बार्थोलोम्यूचा पुतळा आहे. येशूच्या या शिष्याला जिवंतपणी सोलून मारलं अशी कथा आहे, आणि मार्को दाग्राते या शिल्पकाराने १५६२ मध्ये त्याला त्याच अवस्थेत उभा केलाय. अंगाचा स्नायू न् स्नायू उघडा आणि खांद्यावरून उपरण्यासारखी घेतलेली स्वतःचीच कातडी. लांबून ते वस्त्रच वाटतं. खाली लॅटिनमध्ये कोरलंय की मला प्रॅक्सिटेलिसने नाही, मार्को दाग्रातेने घडवलं. म्हणजे थेट प्राचीन ग्रीसच्या दिग्गजाशी बरोबरी! संताच्या यातनांपेक्षा शिल्पकाराला आपला अभ्यास दाखवायची घाई झालेली असावी, असं मला तरी वाटलं. तो काळच तसा होता. १५४३ मध्ये व्हेसालियसचा शरीररचनेवरचा सचित्र ग्रंथ छापून आला होता आणि त्यातली सोललेली माणसं निसर्गरम्य देखाव्यापुढे ऐटीत उभी आहेत.

माझ्याबरोबर माझी मावसबहीण होती. ताई फिजिओथेरपिस्ट. ती पुतळ्याच्या मानेच्या स्नायूकडे बोट दाखवून म्हणाली, "हा बघ स्टर्नोक्लायडोमास्टॉइड! पेशंटना समजावताना घसा कोरडा पडतो माझा. इथे आणून उभं केलं तर मिनिटात कळेल." ती खांद्याच्या स्नायूंपर्यंत पोचतेय तोवर आमचा टूर लीडर छत्री हलवत आला. फोटो झाला ना, मग चला. त्याला गच्चीची वेळ गाठायची होती. गच्चीवर आम्ही काय पाहिलं? पुढच्या माणसाची पाठ. उरलेल्या टूरला तिथेच रामराम ठोकला आणि आगगाडीने बोलोन्याला गेलो.

बोलोन्यात आर्किजिनासियो या जुन्या विद्यापीठाच्या इमारतीत सतराव्या शतकातली शवविच्छेदनाची शाळा आहे. सगळी लाकडी, मधोमध संगमरवरी टेबल, भोवती बाकं. २९ जानेवारी १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात ती कोसळली होती. ढिगाऱ्यातून मूळ लाकूड वेचून पुन्हा उभी केलीय. प्राध्यापकांच्या आसनावरचं छत दोन सोललेल्या लाकडी पुरुषांनी तोललंय. ते शिल्पकार एर्कोले लेलीच्या रचनेवरून १७३४ मध्ये घडवले. छतावर शरीररचनाशास्त्राचं मूर्त रूप म्हणून एक स्त्री बसलीय आणि पंख असलेलं एक बाळ तिला भेट देतंय. फूल नाही, मांडीचं हाड! ताई एवढ्या मोठ्याने हसली की सगळ्यांनी वळून पाहिलं.

पण मला लिहायचंय ते पालात्सो पोजीबद्दल. विद्यापीठाचं हे संग्रहालय आर्किजिनासियोपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथल्या एका दालनात काचेमागे मेणाची एक बाई बसलीय. उंची झगा, लेस, दागिने, अगदी दरबारात निघाल्यासारखी. समोर माणसाचं डोकं, कवटी उघडलेली, मेंदू दिसतोय. तिचे हात कामाच्या पवित्र्यात आहेत आणि नजर समोर. किळस नाही, भीती नाही, आणि 'बघा मी काय करतेय' हा आवही नाही.

ही आन्ना मोरांदी मांझोलीनी (१७१४–१७७४), आणि हा पुतळा तिने स्वतःच केलेला. तिचा नवरा जोव्हान्नी हा त्या लेलीचाच मदतनीस. लेलीशी बिनसल्यावर नवरा-बायकोने घरातच काम सुरू केलं. मृतदेह चिरायचे, पाहायचं, मेणात उतरवायचं आणि विद्यार्थ्यांना शिकवायचं. १७५५ मध्ये नवरा गेला. तिचं काम थांबलं नाही.

तिने नवऱ्याचाही पुतळा केलाय. तो साधा, खिन्न, आणि त्याच्यापुढे हृदय. म्हणजे मेंदू तिच्याकडे आणि हृदय त्याच्याकडे! ताई आणि मी एकमेकींकडे पाहिलं. काही बोलायची गरजच पडली नाही.

आम्ही तिथे किती वेळ होतो कुणास ठाऊक. गर्दी नावालाही नव्हती. मेणाचे नुसते डोळे मांडलेत, वेगवेगळ्या दिशांना बघणारे, बुबुळ फिरवणाऱ्या स्नायूंसकट. मग हात. एक जोडी मऊ गादीवर टेकलेली, दुसरी काट्यांना लागून आखडलेली. विषय स्पर्शेंद्रिय, पण आखडलेली बोटं पाहून माझीच बोटं आपोआप मिटली. पुस्तकातल्या आकृतीने असं कधी झालं नव्हतं. ताईचं म्हणणं, "हिने हात नुसता चिरला नाही. आधी तो जिवंतपणी काय करतो ते पाहिलंय."

तिथून फ्लॉरेन्सला गेलो. तिथलं बाकीचं राहू द्या. उफिझी या चित्रसंग्रहालयाची रांग, तीच ती कुरकुर. आम्ही गेलो ला स्पेकोलामध्ये. हे संग्रहालय १७७५ मध्ये, म्हणजे आन्ना गेली त्याच्या पुढच्याच वर्षी लोकांसाठी खुलं झालं. इथली प्रसिद्ध मेणाची व्हीनस क्लेमेंते सुसीनीच्या हाताखाली घडलेली. खरे केस, गळ्यात मोत्यांची माळ, रेशमी गादीवर पहुडलेली. छाती-पोटाचं झाकण उचललं की थरामागून थर निघतात, अगदी गर्भापर्यंत. कारागिरी थक्क करणारी आहे, प्रश्नच नाही. तरी मला ती आवडली नाही. आतडी दाखवायला मोत्यांची माळ कशाला? बोलोन्यातली बाईही नटलेली आहे, पण नटून ती कामाला बसलीय. ही मात्र चिरली जातानाही सुंदर दिसायच्या कामावर. ताई म्हणाली, "पोट उघडंय आणि हिला गुंगी आलीय. कुठला पेशंट असा झोपतो गं?"

हाडं-कातडी अंगावर मिरवायची हौस पुढेही गेली नाही. मूळची रोमची फॅशन डिझायनर एल्सा स्कियापारेल्ली, तिने १९३८ मध्ये चित्रकार साल्व्हादोर दालीबरोबर काळा सांगाड्याचा पोशाख केला. काळ्या कापडात आतून भरण घालून बरगड्या, पाठीचा कणा असं सगळं उठावात आणलेलं. तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, मी फोटोच पाहिलेत. आता तर सांगाडा टीशर्टवर छापून मिळतो. ला स्पेकोलामध्ये आमच्या पुढेच एक मुलगा तसला टीशर्ट घालून व्हीनसचे फोटो काढत होता. ताईने त्याच्या बरगड्या मोजल्या.

"नऊच जोड्या. बारा पाहिजेत."

"ताई, टीशर्ट आहे तो."

"म्हणून काय झालं? जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी लाकडात बरोबर कोरल्यात."

मुलगा वळला, तर पाठीवर मणकेही छापलेले. ती तेही मोजायला लागली, तेव्हा मी तिला दंडाला धरून पुढच्या दालनात नेलं.