ओढ्याचे वेळापत्रक

महाविद्यालयात प्रवेश घेतल्यावर राष्ट्रीय सेवा योजनेचा अर्ज मी भरला, तो सेवेच्या तळमळीने नव्हे. योजनेतले ठरलेले काम पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याला आमच्या विद्यापीठात दहा वाढीव गुण मिळत आणि बारावीच्या निकालाने धास्तावलेल्या मला ते दहा गुण सोडवत नव्हते. अर्जात ‘आपण या योजनेत का सहभागी होऊ इच्छिता?’ असा प्रश्न होता आणि त्यापुढे मी निर्ढावलेपणाने ‘समाजाचे ऋण फेडण्यासाठी’ असे लिहिले होते. पुढच्या वर्षी नव्या विद्यार्थ्यांचे अर्ज चाळण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी थोड्याफार फरकाने हेच वाक्य लिहिलेले पाहून मला हसू आले आणि जरा हायसेही वाटले.

गुणांचे आमिष दाखवून सेवा करून घ्यावी का, हा वाद आमच्या वर्गात नेहमी रंगायचा. पण त्याची मुळे आमच्या वर्गापेक्षा कितीतरी जुनी आहेत. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली १९५९ साली नेमलेल्या समितीने शालेय शिक्षण संपवणाऱ्या विद्यार्थ्यांना नऊ महिने ते वर्षभराची राष्ट्रीय सेवा सक्तीची करावी, अशी सूचना केली होती. ती अमलात आली नाही. त्यानंतर के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतल्या अशा प्रयोगांचा अभ्यास करून सेवा ऐच्छिक असावी असे सुचवले आणि अखेर गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांतल्या सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू केली. म्हणजे सक्ती आणि स्वेच्छा यांच्यातली ही रस्सीखेच योजनेच्या जन्माआधीपासूनची आहे, आणि दहा गुण ही त्यातली एक तडजोड आहे, असे मी आता मानते. माणूस दारातून कोणत्या कारणाने आत आला, यापेक्षा आत आल्यावर त्याच्या हाती कोणते काम पडले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

आमच्या हाती पहिल्यांदा पडली ती एक डायरी. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, असे दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि प्रत्येक कामाची नोंद करून त्यावर कार्यक्रम अधिकाऱ्यांची सही घ्यायची, हा नियम. वर्षाच्या १२० तासांपैकी साधारण २० तास योजनेची ओळख आणि प्रशिक्षण, ३० तास महाविद्यालयाच्या आवारातले काम आणि उरलेले ७० तास समाजातले काम, अशी विभागणी असते. याशिवाय दत्तक घेतलेल्या गावात सात दिवसांचे निवासी शिबिर असते. प्रत्यक्षात मात्र सगळ्यांचे लक्ष त्या सात दिवसांवरच खिळलेले असते. फलक तिथे लागतो, पाहुणे तिथे येतात, छायाचित्रे तिथे निघतात. त्या ७० तासांकडे कोणी फारसे पाहत नाही. वर्षअखेरीस घाईघाईने प्रभातफेऱ्या काढून ते कसेबसे भरले जातात. माझी तक्रार नेमकी इथे आहे.

त्याआधी आवारातल्या तीस तासांविषयी सांगायला हवे. या तासांत झाडांना आळी करणे, ग्रंथालयातली पुस्तके पुसणे आणि रक्तदान शिबिरात नावे लिहून घेणे असली कामे असत. रक्तदान शिबिरात माझ्या वाट्याला प्रामुख्याने लोकांना परत पाठवण्याचे काम आले, कारण प्रथम वर्षाच्या उत्साही मुलामुलींपैकी कित्येकांना अठरा वर्षे पूर्ण झालेली नव्हती आणि मुलींपैकी अनेकींचे हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली भरत होते. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरांनी मला बोलावून विचारले, “लेखनिक म्हणून बसशील का?” आणि त्या एका प्रश्नाने माझे पुढचे सगळे वर्ष बदलले.

तृतीय वर्षाला राज्यशास्त्र घेतलेली एक दृष्टिहीन विद्यार्थिनी होती. तिच्या परीक्षेला लेखनिक हवा होता आणि लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो. मी प्रथम वर्ष वाणिज्य शाखेत असल्यामुळे कोणालाच हरकत नव्हती. अशा परीक्षार्थींना दर तासामागे किमान २० मिनिटे जादा मिळतात. त्यामुळे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. चार तास फक्त दुसऱ्याने सांगितलेले लिहायचे, त्यात अवघड ते काय, असे मला वाटले होते.

पहिल्या पेपरला तिने मला संपूर्ण प्रश्नपत्रिका दोनदा वाचायला लावली. मग कोणता प्रश्न किती पानांत बसवायचा याचा हिशेब तिने मनातल्या मनात केला आणि म्हणाली, “दर उत्तरानंतर किती पाने उरली ते सांगत जा. परिच्छेद कुठे पाडायचा ते मी सांगेन, तू आपल्या मनाने पाडू नकोस.” ती सांगत होती आणि मी लिहीत होते. एका उत्तरात तिने राज्यघटना अमलात आल्याचे वर्ष १९५१ सांगितले आणि माझे पेन थांबले. मी काहीच बोलले नाही. पण कागदावरचा पेनाचा आवाज थांबल्याचे तिला तत्क्षणी कळले.

“काय झालं?”

“काही नाही, ताई.”

“मग लिही. चुकलं असेल तर माझं चुकू दे.”

मी १९५१ लिहिले. दुसऱ्या परिच्छेदाच्या मध्यावर ती थबकली आणि म्हणाली, “मघाचं साल खोड. पन्नास कर.” तिला ते आपणहून आठवले, की माझ्या थांबण्यावरून तिने ओळखले, हे मी तिला कधी विचारले नाही. मात्र त्यानंतरच्या दोन्ही पेपरांत काहीही कानावर आले तरी पेन एका लयीत चालू ठेवायचे, याचा मी आटोकाट प्रयत्न केला. मदत करणाऱ्याने आपले शहाणपण आवरते घेणे हीसुद्धा मदतच असते, हे मी प्रशिक्षणाच्या वीस तासांत कोणाच्याही भाषणातून शिकले नव्हते. डायरीत त्या तीन पेपरांचे बारा तास ‘आवारातील काम’ या रकान्यात एका ओळीत बसले.

शिबिर जानेवारीत झाले. आमचे एकक शंभर स्वयंसेवकांचे. त्यातले पन्नास शिबिराला. गावाच्या खालच्या अंगाला एक ओढा होता आणि त्यावर वनराई बंधारा बांधायचे ठरले होते. मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेमुळे रूढ झालेला हा प्रकार अगदी साधा आहे: रिकाम्या गोण्यांत माती किंवा वाळू भरायची, दाभण आणि सुतळीने तोंडे शिवायची आणि विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवत त्या एकमेकींवर रचायच्या, तळाशी रुंद आणि वर निमुळत्या. गोणी काठोकाठ भरली तर ती शेजारच्या गोणीला नीट चिकटत नाही आणि फटीतून पाणी जाते, म्हणून ती थोडी सैलच ठेवावी लागते. आम्हाला हे कोणी सांगितले नव्हते. पहिल्या दिवशी फुग्यासारख्या टम्म भरलेल्या गोण्या आम्ही दुसऱ्या दिवशी सोडवत बसलो.

पाच दिवस राबल्यानंतर बंधारा उभा राहिला. पाहुणे आले, नारळ फुटला, कुदळ हातात धरून छायाचित्रे निघाली. काठावर बसून हे सारे पाहणारे एक वयस्कर शेतकरी होते. गर्दी पांगल्यावर ते आमच्या गटाकडे बघून अगदी मायेने म्हणाले, “पोरांनो, कष्ट लई केले तुम्ही. पण ओढ्याला पाणी असतंय दिवाळीच्या आगेमागे. आता जानेवारीत काय आडवणार, वाळू?”

मी वळून ओढ्याकडे पाहिले. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला हातभर रुंदीची, जेमतेम घोटा बुडेल इतकी धार होती; चार दिवसांनी तीही उरली नसती. पाच दिवस आम्ही त्याच ओढ्यात उभे होतो आणि आमच्यापैकी एकालाही ही गोष्ट दिसली नव्हती, याचे मला आजही आश्चर्य वाटते. शिबिर जानेवारीत का, तर पहिल्या सत्राची परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, मग सुट्टी, मग स्नेहसंमेलन, आणि या सगळ्यातून मोकळा असलेला आठवडा जानेवारीत. वेळापत्रक आमचे होते, ओढ्याचे नव्हते. पावसाळा सरताना ओढा वाहता असतो, तेव्हाच बंधारा घातला तर त्यात पाणी साठते आणि पुढच्या पावसाळ्यात असा बंधारा वाहून जातो. तो मुळात दर वर्षी नव्याने घालण्यासाठीच असतो. आम्ही एका अर्थी तीन महिने उशिरा किंवा नऊ महिने लवकर आलो होतो.

आमच्या अहवालात मात्र ‘बंधाऱ्यामुळे परिसरातील पाणीपातळी वाढण्यास मदत होणार आहे’ असे वाक्य गेले. ते मीच टंकलेखन करून दिले होते. सरांनी ते वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, पण खोडले नाही. मीही खोडले नाही.

शिबिर वाया गेले, असे मात्र मी म्हणणार नाही. रात्री भांडी घासण्याच्या पाळीत विज्ञान शाखेतली जी मुलगी माझ्या शेजारी बसायची, तिच्याशी महाविद्यालयात दोन वर्षांत एकदाही बोलणे झाले नसते. महाविद्यालयातले जीवन हे वर्गात घडते की कट्ट्यावर, यावर लोक हिरिरीने बोलतात. माझ्या अनुभवात ते थंड पाण्यात राखेने पातेली घासताना घडले. आणि पुढच्या वर्षीची कल्पनाही त्याच मुलीची. ती म्हणाली, “शिबिराचा आठवडा आपल्या हातात नाही. पण ते सत्तर तास तर आपलेच आहेत ना?”

दुसऱ्या वर्षी सप्टेंबरअखेर आम्ही कामाला लागलो. ग्रामपंचायतीकडून लेखी परवानगी घेतली. महाविद्यालयाच्या नव्या वसतिगृहाचे बांधकाम चालू होते. तिथल्या मुकादमांना गाठून सिमेंटच्या रिकाम्या गोण्या राखून ठेवायची विनंती केली. त्यांनी पहिल्यांदा उडवून लावले. दुसऱ्यांदा आम्ही सरांचे पत्र नेले, तर त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “किती पाहिजेत?” आम्ही तीनशे म्हणालो. जागा कोणती हे मात्र या वेळी आम्ही ठरवले नाही. ते गेल्या वर्षी काठावर बसलेल्या त्या शेतकरी काकांना विचारले आणि त्यांनी गेल्या वर्षीच्या जागेपासून बरीच वर, दोन्ही काठ घट्ट आणि पात्र अरुंद असलेली जागा दाखवली. गेल्या वर्षीची जागा का निवडली होती, असे मी सरांना विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, “रस्त्याजवळ होती. पाहुण्यांची गाडी येत होती.”

ऑक्टोबरातले तीन रविवार आम्ही गेलो. परीक्षा तोंडावर असल्यामुळे पन्नासांऐवजी पहिल्या रविवारी अठरा जण आले, दुसऱ्या रविवारी अकरा आणि तिसऱ्या रविवारी पुन्हा चौदा. बस नव्हती, फलक नव्हता. दुसऱ्या रविवारी घरी परतताना वही उघडून खर्चलेखाचे गणित सोडवण्याचा मी प्रयत्न केला, पण सुतळीने कापलेल्या बोटांत पेन धरवेना. गावातली चार-पाच मंडळी आपणहून हाताशी आली; गोणी सैल भरण्याचे मर्म त्यांना आधीपासून ठाऊक होते, आम्ही गेल्या वर्षी विचारले नव्हते इतकेच.

फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत त्या बंधाऱ्यात पाणी होते. शेजारच्या विहिरीचे पाणीही त्या वर्षी उशिरा उतरले, असे काका म्हणाले. आम्ही आधी आणि नंतर मोजमाप घेतले नव्हते, म्हणून या वेळच्या अहवालात मी फक्त पहिले वाक्य लिहिले. जानेवारीचे शिबिर नेहमीप्रमाणे झालेच, पण त्यात आम्ही बांधकाम काढले नाही. घरोघरी जाऊन, पुढच्या वर्षी कोणते काम कोणत्या महिन्यात व्हायला हवे, एवढेच विचारून आलो. शिबिराच्या मानाने हे काम अगदीच फिके दिसत होते आणि त्याची छायाचित्रेही चांगली आली नाहीत.

माझ्या डायरीत दोन वर्षांचे मिळून २६१ तास भरले. त्यात मुकादमांकडे मारलेल्या चार खेपा नाहीत, ग्रामपंचायतीच्या कार्यालयाबाहेर बाकावर बसून काढलेली दुपार नाही आणि सरांशी घातलेला वादही नाही, कारण यांतले काहीच कोणत्या रकान्यात बसत नव्हते. दहा गुण मिळाले. खरे सांगायचे तर निकालाच्या दिवशी ते उपयोगीही पडले.

गेल्या सप्टेंबरमध्ये महाविद्यालयातल्या एका अनोळखी मुलाचा फोन आला. जुन्या अहवालात माझे नाव सापडल्याचे त्याने सांगितले आणि विचारले, “ताई, गोण्या कुठून मिळवल्या होत्या तुम्ही? वसतिगृह तर आता बांधून झालंय.” त्या भागात आणखी कुठे बांधकाम चालू आहे याची आम्ही दोघांनी फोनवरच यादी केली. काकांकडे कसे जायचे तेही मी त्याला सांगितले. मग परीक्षा कधी सुरू होते ते विचारले, तर तो म्हणाला, दहा ऑक्टोबरला. आम्ही मागे मोजत आलो आणि पहिला रविवार सप्टेंबरमधलाच धरला.