शिरोरेषा खाली का आली?

संगणकाच्या आज्ञेवर लाकूड कोरणाऱ्या माझ्या नव्या मशीननं कोरलेलं पहिलं अक्षर 'म' होतं आणि त्याची शिरोरेषा खाली आली होती.

भाची म्हणाली, "मावशी, फळी उलटी धरलीयेस." फळी फिरवून पाहिली. शिरोरेषा वर गेली खरी, पण 'म'ची उभी रेघ उजवीकडून डावीकडे आली. म्हणजे अक्षर फिरलेलं नव्हतं, पालटलेलं होतं. दोन्ही अक्ष (एक्स म्हणजे डावी-उजवी चाल, वाय म्हणजे पुढे-मागे) उलटे चालले असते तर अक्षर नुसतं गोल फिरलं असतं. पालटलं, याचा अर्थ एकच अक्ष उलटा. आणि फळी पहिल्यासारखी धरली तर डावं-उजवं ठीक होतं, म्हणजे दोषी 'वाय'.

मी लाकडावर नावाच्या पाट्या हातानं कोरते. मनगट कुरकुरायला लागलं म्हणून टेबलावर मावेल असं छोटं सीएनसी, म्हणजे संगणकावरून चालणारं, मशीन घरी आणलं, ३०० बाय १८० मिलिमीटर कामाचं, सुट्या भागांत येणारं. सोबतच्या कागदावर कुठला स्क्रू कुठे बसतो त्याची चित्रं आहेत. सगळे स्क्रू जागेवर बसूनही मशीन नीट चाललं नाही तर काय करायचं, त्याबद्दल तो कागद गप्प आहे. म्हणून हे लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवावी लागते: या मशीनला आपण कुठे आहोत ते कळत नाही. ते फक्त मोजतं. स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते, ड्रायव्हर (मोटरला प्रवाह पुरवणारी चिप) त्यातल्या प्रत्येक पावलाचे १६ तुकडे करतो, म्हणजे एका फेऱ्याला ३,२०० ठोके. आमच्या मशीनचा लांब स्क्रू एका फेऱ्यात ४ मिलिमीटर सरकवतो. ३,२०० भागिले ४, म्हणजे मिलिमीटरला ८०० ठोके. १० मिलिमीटर जा म्हटलं की मशीन चालवणारा बोर्ड ८,००० ठोके पाठवतो आणि काम झालं असं धरून पुढच्या ओळीकडे वळतो. मध्ये मोटर अडकली, स्क्रू घसरला, फळी हलली, त्याला पत्ता नाही. हे एकदा उमगलं की बिघाड शोधताना सॉफ्टवेअरच्या खिडक्या उघडत बसण्याआधी माणूस पट्टी आणि पाना हातात घेतो.

बोर्डावर जो प्रोग्राम चालतो तो जीआरबीएल. सिमेन स्वाले स्कॉग्स्रुड यांनी २००९ मध्ये तो सुरू केला, आणि मुक्त असल्यामुळे बहुतेक छोट्या मशीनमध्ये तोच असतो. दोन डॉलर चिन्हं, $$, टाइप करून पाठवली की तो आपली सगळी सेटिंग्ज यादी करून दाखवतो. अक्षांच्या दिशा $३ या ओळीत असतात. एक्स उलटवायचा तर १, वाय तर २, झेड (वर-खाली चाल) तर ४, आणि एकाहून जास्त असतील तर त्यांची बेरीज. आमच्याकडे तिथे ० होता, तो २ केला, शिरोरेषा वर गेली.

इथे एक फसवणारी गोष्ट आहे. या जातीच्या मशीनमध्ये वाय अक्षावर हत्यार सरकत नाही, खालचं टेबल सरकतं. हत्यारानं आपल्यापासून लांब जावं अशी आज्ञा दिली तर टेबल आपल्याकडे यायला हवं. नुसतं टेबल बघणाऱ्याला बरोबर चालणारा अक्षही उलटा वाटतो आणि तो बिचारा चांगला अक्ष पालटून बसतो.

संगणकाला मशीन दिसतच नाही, हा त्याच्याही आधीचा टप्पा. तो पटकन संपवते. यूएसबी केबल फक्त चार्जिंगची नाही ना ते बघा; तशी केबल बोर्डावरच्या दिव्याला वीज देते, माहिती नेत नाही. बोर्डावर यूएसबीचं बोलणं सांभाळणारी सीएच३४० चिप असेल तर तिचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर संगणकात टाकावं लागू शकतं. पोर्ट योग्य निवडा आणि माहिती पाठवण्याचा वेग (बॉड) १,१५,२०० ठेवा. वेग चुकला तर पडद्यावर अगम्य चिन्हं उमटतात. तेव्हा घाबरायचं कारण नाही, बोलणं तर सुरू झालेलं असतं.

आता वर्तुळ. मला विचाराल तर नव्या मशीनवर पहिल्यांदा अक्षर कोरूच नये, वर्तुळ काढावं, तेही बिटानं (कापणाऱ्या हत्यारानं) नाही, पेननं. स्पिंडलच्या (बिट फिरवणाऱ्या भागाच्या) बाजूला बॉलपेन घट्ट बांधायचं, खाली कागद चिकटवायचा, ८० मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ काढून घ्यायचं. लाकूड वाया जात नाही आणि कागदावरची रेघ खोटं बोलत नाही.

वर्तुळ आडवं किंवा उभं चपटं आलं तर एखाद्या अक्षाचे ठोके चुकलेत. तिथे त्रैराशिक: १०० मिलिमीटर जायला सांगा, खरोखर गेलं किती ते मोजा, आणि मिलिमीटरच्या ठोक्यांच्या जुन्या आकड्याला सांगितलेल्या अंतरानं गुणून मोजलेल्या अंतरानं भागा. तिरकं चपटं आलं, म्हणजे लांबट बाजू कोपऱ्यांकडे झुकलेली, तर दोन अक्ष एकमेकांना काटकोनात नाहीत. गुण्या लावा, फ्रेमचे स्क्रू सैल करून पुन्हा आवळा. सुरुवात आणि शेवट जुळलेच नाहीत तर मध्ये कुठेतरी पावलं गळली: वेग फार, किंवा ड्रायव्हरकडून मोटरला प्रवाह कमी, किंवा काहीतरी अडतंय.

आमचं वर्तुळ चौथ्या प्रकारचं होतं. गोल होतं, पण घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी बारीक पायरी पडलेली. त्या दोन जागांना एक्स अक्ष आपली दिशा बदलतो. म्हणजे दिशा बदलताना मोटर फिरते पण हत्याराची गाडी थोडी उशिरा हलते. मध्ये कुठेतरी ढिलाई. पहिला संशय स्क्रूवरच्या पितळी नटावर जातो, कारण सगळे त्याचंच नाव घेतात. तो घट्ट होता. मग मी मोटरची दांडी, स्क्रू आणि त्या दोघांना जोडणारा कपलर या तिघांवरून पेन्सिलीची एकच सरळ रेघ ओढली आणि भाचीला एक्स पुढे-मागे करायला सांगितलं. दिशा बदलली की दांडीवरची रेघ आधी सरकायची, कपलरवरची मागून. कपलरचा बारीक स्क्रू दांडीच्या सपाट बाजूवर बसलेलाच नव्हता. कारखान्यातून जोडून आलेला भाग, आणि स्क्रू गोलाईवर टेकलेला. दांडी फिरवून सपाट भाग समोर आणला, ॲलन की नं आवळला, पायरी गेली.

यानंतरचा बिघाड जास्त छळणारा होता. स्पिंडल चालू करून कोरायला सुरुवात केली की कधी लगेच, कधी बऱ्याच वेळानं मशीन जागीच थांबायचं आणि पडद्यावर अलार्म १. म्हणजे अक्ष हद्दीबाहेर जाऊ नये म्हणून बसवलेला कडेचा स्विच दाबला गेला. स्विच तर हातभर लांब! तीच फाइल स्पिंडल बंद ठेवून हवेत चालवली तर शेवटपर्यंत विनातक्रार जायची. तेवढ्यावरून चोर कळला. स्पिंडलची मोटर ब्रशवाली आहे, ब्रशला ठिणग्या उडतात, त्यांचा विद्युत गोंगाट शेजारून जाणाऱ्या स्विचच्या तारांमध्ये शिरतो आणि बोर्डाला वाटतं स्विच दाबला. फ्रेमवर सगळ्या तारा एकाच जुडग्यात बांधलेल्या होत्या, दिसायला छान. ते जुडगं सोडलं, स्विचच्या तारा दुसऱ्या बाजूनं नेल्या, मोटरच्या दोन टोकांमध्ये गोंगाट शोषणारा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सोल्डर केला. त्यानंतर खोटा अलार्म आलेला नाही.

असा अलार्म आल्यावर रीसेट करून $एक्स पाठवलं की कुलूप निघतं आणि हात लगेच 'पुढे चालू'कडे जातो. जाऊ देऊ नका. धावता धावता अचानक थांबल्यावर काही पावलं गळलेली असू शकतात, आणि मोजणाऱ्याला ते कळलेलं नसतं. पुन्हा होमिंग करा (कडेच्या स्विचला टेकवून मोजणी नव्यानं सुरू करा), फळीवरचा शून्य तपासा, मग पुढे.

खोलीचा प्रश्न पाट्या कोरणाऱ्यांनाच जास्त जाणवेल. व्ही आकाराच्या बिटानं अक्षर कोरताना रेघेची जाडी खोलीवर ठरते. ९० अंशांच्या बिटाला रेघ खोलीच्या दुप्पट रुंद. फळी एका टोकाला अर्धा मिलिमीटर उंच असली तर तिथली रेघ एक मिलिमीटरनं जाड होणार, आणि नावातलं पहिलं अक्षर ठळक, शेवटचं काटकुळं. फळीखाली कागदाच्या घड्या सारत बसण्यात अर्थ नाही. टेबलावर एमडीएफचा (दाबून केलेल्या लाकडी तंतूंच्या फळीचा) बळीचा, म्हणजे कापला गेला तरी चालेल असा, तुकडा पक्का बसवा आणि मशीनकडूनच त्याचा वरचा थर रुंद बिटानं छिलून घ्या. तो पृष्ठभाग मग हत्याराच्या चालीशी समांतरच असतो, टेबल कसंही असो. छिलल्यावर नख फिरवून बघा. पट्ट्यापट्ट्यांना कंगोरे लागले तर स्पिंडल कललेला आहे, आधी तो सरळ करा.

लाकूड जळतंय, कडा तपकिरी पडताहेत, तर हातानं काम करणाऱ्याची सवय म्हणते, सावकाश घे. इथे उलटं. दोन धारांचा बिट मिनिटाला १०,००० फेरे मारत असेल आणि मशीन मिनिटाला ३०० मिलिमीटरच सरकत असेल, तर प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.०१५ मिलिमीटर लाकूड येतं. ते कापणं नाही, घासणं आहे. सरकण्याचा वेग ८०० पर्यंत नेला, एका वेळची खोली अर्धा मिलिमीटरवर आणली, तेव्हा धुळीऐवजी छिलके पडायला लागले आणि जळका वास गेला. छिलके दिसायला हवेत, हीच माझी परीक्षा.

धूळ तरीही होतेच, आणि एमडीएफची तर फारच बारीक. लाकडाची धूळ माणसात कर्करोग करते, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच नोंदवून तिला पहिल्या गटात टाकलंय. नाकाला नुसता रुमाल पुरत नाही. चांगला मास्क आणि शोषणारा पाइप लावा, डोळ्यांना चष्मा. भाची मास्कशिवाय खोलीत आली तर मी मशीन थांबवते. तिला राग येतो, येऊ दे.

झेडचं एक प्रकरण अजून मिटायचंय. मशीन थांबलं की काही क्षणांत मोटरींचा प्रवाह बंद होतो आणि स्पिंडलच्या वजनानं झेड किंचित खाली उतरतो, म्हणजे मोजलेली उंची फुकट. $१ चं मूल्य २५५ केलं की मोटरी सतत धरून राहतात, ते मी केलंय आणि उंची टिकतेय. पण तासाभरानं झेडच्या मोटरवर हात ठेवला तर ती चांगलीच तापलेली लागते. ड्रायव्हरचा प्रवाह थोडा कमी करून बघणार आहे. किती कमी केला की पावलं गळायला लागतात, ते पुन्हा पेन आणि कागदावरच कळेल.