केळीच्या राखेतलं पोटॅश आणि करंजाचं तेल

लॅबमध्ये सध्या काय चाललंय असं गावाकडे कुणीही विचारलं की मी सांगतो, करंजाच्या तेलाचं बायोडिझेल करतोय आणि त्यात केळीच्या खोडाची राख घालतोय. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, राखेने तेलाचं डिझेल कसं काय होतं? आज तेच जरा निवांत लिहितो, कारण ह्या कामात एक गोष्ट अशी आहे की जी केळीवाल्याला लगेच कळते आणि आमच्या फील्डमधल्या लोकांना मात्र समजावून सांगावी लागते.

आधी थोडी केमिस्ट्री. तेलाच्या एका रेणूत ग्लिसरॉलला तीन फॅटी ॲसिड जोडलेली असतात, त्यात मिथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) आणि थोडा अल्कली (ॲसिडच्या उलट गुणाचा पदार्थ) घालून ६० अंशाच्या आसपास ढवळत ठेवलं की ती तिन्ही सुटतात आणि मिथेनॉलला जाऊन चिकटतात, तेच बायोडिझेल. ग्लिसरॉल उरतं, एक किलो तेलामागे साधारण १०० ग्रॅम. हिशोबाने एका रेणूला तीन मिथेनॉल पुरतात पण रिॲक्शन मागे फिरू नये म्हणून बहुतेक जण सहा घालतात. मिथेनॉल ६४.७ अंशाला उकळतं, म्हणून वर कंडेन्सर (वाफ थंड करून परत द्रव करणारी नळी) लागतो, आणि मे महिन्यात जळगावात गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणीच इतकं गरम असतं की कंडेन्सर नावालाच राहतो. मग बादलीत बर्फ टाकायचा, छोटा पंप सोडायचा आणि तेच पाणी फिरवत राहायचं.

करंजाचं तेल खाण्याचं नाही, कडू असतं, त्यामुळे खाद्यतेलाशी भांडण नाही हे उत्तम. पण बी ओलसर पोत्यात पडून राहिलं की तेलातलं मोकळं (ग्लिसरॉलपासून सुटलेलं) फॅटी ॲसिड वाढत जातं, आणि अशा तेलात अल्कली घातला की बायोडिझेल राहतं बाजूला, साबण होतो. थर वेगळे करायच्या सेपरेटिंग फनेलमध्ये नुसता दुधट घोळ, थर सुटता सुटत नाही. म्हणून तेल आलं की माझं पहिलं काम टायट्रेशन, म्हणजे मोकळं ॲसिड किती ते मोजणं. फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकायचे, ब्युरेट नावाच्या मोजनळीतून केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) सोडायचं, आणि करंजाचं तेल मुळातच तपकिरी असल्यामुळे गुलाबी रंग आला की नाही हे पांढऱ्या टाइलवर फ्लास्क ठेवून डोळे बारीक करून बघावं लागतं. जो ॲसिड व्हॅल्यू (एक ग्रॅम तेलाला किती मिलिग्रॅम केओएच लागलं तो आकडा) येतो त्याच्या जवळपास निम्मं मोकळ्या ॲसिडचं टक्केवारीतलं प्रमाण. ते एक-दोन टक्क्यांच्या वर गेलं की आधी सल्फ्युरिक ॲसिड आणि मिथेनॉलने एक फेरी करून ते खाली आणायचं, नंतरच राख. तेल कोणत्या झाडाचं ह्यापेक्षा बी कसं साठवलं होतं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि बी गोळा करणाऱ्याला सगळ्यात आधी हेच सांगायला पाहिजे.

आता राख. केळीच्या एका झाडाला एकदाच घड, घड उतरला की ते खोड आडवं होतं. त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी, त्यामुळे ट्रॉलीभर खोडं वाळवून जाळली तरी राख फार थोडी मिळते. ती भट्टीत परत भाजून काळेपणा घालवला की करडी-पांढरी पूड होते. ही पूड पाण्यात ढवळून गाळायची आणि त्या स्वच्छ पाण्यात पातळ ॲसिडचे दोन थेंब टाकायचे, लगेच फसफसतं. ते पोटॅशियम कार्बोनेट, तोच आपला अल्कली, सगळं काम तेच करतं. राखेत पोटॅशियम क्लोराईडही असतं पण त्याचा ह्या रिॲक्शनला काहीच उपयोग नाही, म्हणून दोन बागांची राख दिसायला सारखी असली तरी एक जोरात चालते आणि दुसरी रेंगाळते. पावसाळ्यात तर पूड हवेतलं पाणी ओढून गोळा होते, डेसिकेटरशिवाय (आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं) ठेवायची सोय नाही.

अशा राखेला लोक घन कॅटॅलिस्ट (रिॲक्शन वेगाने घडवणारा, पण स्वतः न संपणारा पदार्थ) म्हणतात, गाळून पुन्हा वापरा म्हणतात. वापरून बघा, दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला जोर कमी होत जातो, कारण पोटॅशियम राखेत टिकत नाही, विरघळून बरंचसं खालच्या ग्लिसरॉलच्या थरात उतरतं. आमच्यात ह्याला दोष मानतात. मी तसं मानत नाही.

का ते सांगतो. यावलकडे आमच्या काकांच्या बागेत मी खोडं मागायला गेलो तेव्हा काका म्हणाले, "ने ना भो, पण सगळे नको नेऊ. मी त खोड कापून बागातच टाकतो, त्याचंच खत होतं." काकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. केळी पोटॅश खाणारं पीक, त्यातलं बरंच खोडापानांत साठतं, आणि आपल्या देशात येणारं पोटॅश जवळपास सगळं परदेशातून येतं. म्हणजे बागेतून नेलेल्या प्रत्येक किलो राखेची भरपाई शेतकऱ्याने दुकानातलं पोतं आणून करायची आणि आम्ही वर त्याला फुकटचा कचरा म्हणून रिसर्च पेपरात लिहायचं, हे मला पटत नाही. पऱ्हाटीचं (कापसाच्या वाळलेल्या झाडांचं) वेगळं आहे, ती शेतात उभी राहिली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो, तिला बाहेर काढलेलंच बरं. खोडाचं तसं नाही.

म्हणून आता माझं लक्ष बायोडिझेलच्या वरच्या पिवळ्या थरापेक्षा ग्लिसरॉलच्या खालच्या काळपट थरावर जास्त आहे. पोटॅशियम तिथेच सापडतं. त्या थरात फॉस्फोरिक ॲसिड हळूहळू सोडलं की वर फॅटी ॲसिडचा तेलकट पापुद्रा येतो, मधे ग्लिसरॉल राहतं आणि तळाला बारीक पांढरी खडी बसते, पोटॅशियम फॉस्फेट. ॲसिडचं प्रमाण नीट सांभाळलं तर हे तेच मीठ, जे आपण ठिबकमधून ०:५२:३४ खत म्हणून सोडतो. फॉस्फोरिकच्या जागी सल्फ्युरिक वापरलं तर पोटॅशियम सल्फेट, म्हणजे आपलं ०:०:५०. दोन्ही नावं केळीवाल्याला तोंडपाठ. जे बागेतून आलं ते बागेत परत, आणि मधल्या वेळात त्याने तेलाचं डिझेल करून दिलं!

एवढं सोपं अजून झालेलं नाही. खडी गाळून काढली तरी तिला ग्लिसरॉल आणि मिथेनॉल चिकटलेलं असतं, आणि मिथेनॉल विषारी, ते तसंच मुळाशी सोडायचा प्रश्नच नाही. आधी मिथेनॉल ऊर्ध्वपातनाने काढून परत वापरायला घ्यायचं, मग खडी धुवायची, पण जास्त धुतली की मीठच पाण्याबरोबर निघून जातं. किती धुवायचं, कशाने धुवायचं, सध्या त्यावर काम चालू आहे. ते बसलं की आधी कुंडीतल्या रोपांना देऊन बघणार, काकांच्या बागेत त्यानंतर.