धनगरवाड्यावरचा तांबडा दिवा

गोव्यातल्या वाळपईपर्यंत कदंबा बस, पुढे पायवाट. वाड्यावरच्या सौर दिव्यांची नवी बॅटरी काठीला बांधून दोघांनी खांद्यावर घेतली. ती आडवी करायची नाही, अ‍ॅसिड सांडतं. चढण लांबलचक, पण म्हादईच्या रानात फेब्रुवारीतही सावली दाट. धनगरवाड्यावर पोचताच हातात ताकाचा तांब्या आला. इतकं गार, घट्ट ताक शहरात मिळत नाही.

जुनी बॅटरी बघून मात्र जीव हळहळला. कौलांवर ४० वॉटचं सौर पॅनेल, आत १२ व्होल्ट, ४० अँपिअर-अवरची बॅटरी, तीन दिवे. बसवताना हिशेब चुकला नव्हता. पण मीटर लावला तर जेमतेम ९ व्होल्ट! पॅनेल, बॅटरी आणि दिवे यांच्यामध्ये बसणाऱ्या कंट्रोलरवर तांबडा दिवा लागला की घरातले दिवे जायचे, म्हणून कुणीतरी कंट्रोलर वगळून इन्व्हर्टर आणि टीव्ही थेट बॅटरीला जोडले होते.

"तांबडा लागला म्हणजे बिघडलं, असंच वाटायचं," घरच्या मावशी म्हणाल्या.

बसवणाऱ्यांनी त्या दिव्याचा अर्थ सांगितलाच नव्हता. मला याचाच खरा राग आला. बॅटरी ११ व्होल्टच्या आसपास उतरली की तिला वाचवायला कंट्रोलर पुरवठा तोडतो. त्याखाली ती वारंवार गेली की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं आणि बॅटरी चार्ज घेईनाशी होते. ही तशीच गेली.

मग ओसरीवर खडूने हिशेब मांडला. लख्ख उन्हात हे पॅनेल दिवसाला साधारण १४० वॉट-अवर (वॉट गुणिले तास) हाती देतं, जुलैच्या झडीत निम्मं किंवा त्याहूनही कमी. ३ वॉटचे तीन दिवे पाच तास म्हणजे ४५, दोन मोबाइलचे २०. पावसाळ्यात एवढ्यातच संपलं. ६० वॉटचा टीव्ही तीन तासांत एकटाच १८० खातो.

"म्हणजे म्हशीसारखंच. देते तेवढंच काढायचं," मावशींनी एका वाक्यात सांगितलं.

जोडणी त्यांच्या लेकीने केली. कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल, शेवटी दिवे, काढताना उलट. बॅटरी नसताना पॅनेलचे वीसच्या वरचे व्होल्ट सरळ कंट्रोलरवर आले तर तो जळू शकतो. टर्मिनलला व्हॅसलीन, नाहीतर दमट हवेत हिरवट बुरा धरतो. पाणी डिस्टिल्डच घालायचं. विहिरीच्या पाण्यातले क्षार बॅटरी मारतात.

छपरावर सौर पॅनेल बसवायला अनुदान देणारी केंद्राची सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ पासून आहे, पण ती वीजजोडणी असलेल्या घरांसाठी. तारच न पोचलेल्या अशा वाड्यांना तिचा काय उपयोग?

दुपारी दोननंतर फणसाच्या एका फांदीची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर येते. कोपराच तर, असं वाटतं. पण पॅनेलमधले छत्तीस सेल एका माळेत असतात, एक झाकला की सगळ्यांचा प्रवाह अडतो. फांदी तोडायला मावशी तयार आहेत, मे महिन्यात, तिच्यावरचे फणस उतरवल्यावर.