कोचिंग आठ सत्रांत उरकलं, शेड्यूल वनला चौदा महिने लागले

आमची संस्था चालवणाऱ्या ताईंनी सत्तरी ओलांडली तेव्हा आम्हाला सीएसआरचा निधी देणाऱ्या कंपनीनेच विषय काढला: दुसरी फळी तयार करा, आम्ही पुण्याहून कोचिंगसाठी सल्लागार पाठवतो, फीही आम्हीच देतो. दुसरी फळी म्हणजे मी आणि हिशेब बघणारी सहकारी. एकल महिलांच्या बचत गटांचं काम, १४ जणांचा स्टाफ आणि प्रत्येक चेकवर ताईंची सही.

सल्लागारबाईंबद्दल माझी काही तक्रार नाही. सहाव्या सत्रात त्यांनी ताईंना एवढंच विचारलं, "गेल्या महिन्यात तुम्हाला न विचारता इथे कोणी काय ठरवलं?" ताई बराच वेळ पंख्याकडे बघत बसल्या. मग कमरेच्या जुडग्यातून कपाटाची किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली. "घे. रडू नकोस." रडत होत्या त्याच.

बाईंच्या आराखड्यात शेवटची ओळ होती: विश्वस्त मंडळातील बदल व बँकेतील सह्या, दोन आठवडे. त्या दोन आठवड्यांसाठीच हे लिहायला घेतलंय.

ठराव घेऊन बँकेत गेले. मॅनेजर म्हणाले, ठराव ठीक आहे, पण नवीन नावं असलेली शेड्यूल वनची सही-शिक्क्याची नक्कल आणा. शेड्यूल वन म्हणजे विश्वस्तांच्या नावांचा धर्मादाय कार्यालयातला उतारा. आपला सातबाराच समजा: कसतोय नातू, नाव आजोबांचं. आमच्या उताऱ्यावर २००६ सालचे सात जण होते. त्यातले दोघे वारलेले.

विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा, असं महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचं कलम २२ सांगतं. सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. आमच्या घटनेप्रमाणे दर पाच वर्षांनी निवडणूक होते. निवडणुका झाल्या, इतिवृत्तं लिहिली गेली, चहा-पोहे झाले. २०११ चा अर्ज तेव्हाच्या वकिलांनी दाखल केला खरा, पण पुढे तारखांना कोणीच उभं राहिलं नाही आणि तो मंजूर न होताच निकाली निघाला. २०१६ आणि २०२१ चे तर भरलेच नव्हते. आमचे नवे वकील म्हणाले, मधल्या पायऱ्या गाळून वर चढता येणार नाही. म्हणजे आधीचे तीन अर्ज, तिन्हींना विलंब माफीचे अर्ज, आणि मग आमचा.

(आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर राहील: मावळत्या विश्वस्ताचं ना हरकत शपथपत्र निरोपाच्या दिवशीच घ्या. महिन्याभरानंतर माणूस मुलाकडे बंगळुरूला असतो.)

जुनी प्रोसिडिंग बुकं माळ्यावरच्या पोत्यात सापडली. २०१६ च्या नोटीस रजिस्टरचा कोपरा वाळवीने खाल्लेला, एक सही अर्धीच उरलेली. खिडकीतल्या लिपिकाने नेमकं तिथेच बोट ठेवलं. "ही कोणाची?" मी सांगितलं. "शपथपत्र आणा."

सही होती आमच्या गुरुजींची, वय ८२. गाडीवर ३० किलोमीटर गेले. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला आणि विचारलं, "म्हणजे मी अजून सचिव आहे?" कागदोपत्री हो, म्हटलं. "मग मीटिंगला का बोलवत नाही?" अर्धा तास समजूत घातली, तेव्हा सही मिळाली.

मग तारखा. साहेब रजेवर. साहेबांकडे दुसऱ्या जिल्ह्याचाही चार्ज. आमचे वकील परगावी. एकदा फाईलच सापडेना. मी बाकावर बसून फक्त चिडत होते, आणि चिडून एकही कागद हलला नाही. प्रत्येक अर्जाचा नंबर आणि पुढची तारीख वहीत लिहायला लागल्यावर निदान प्रश्न तरी नेमके विचारता येऊ लागले. ही अक्कल पाचव्या महिन्यात आली.

खरा त्रास कचेरीतला नव्हताच. बँकेला सही ताईंचीच चालत होती, म्हणून दर गुरुवारी मी चेकबुक घेऊन त्यांच्या घरी. त्या चष्मा लावत आणि प्रत्येक चेकला विचारत, "हे कशाचे?" चुकत नव्हत्या, सही करणाऱ्याने विचारायलाच हवं. पण स्टाफला गुरुवार कळला. कार्यकर्त्या आपली बिलं घेऊन बुधवारीच ताईंकडे जायला लागल्या. किल्ली माझ्याकडे, निर्णय पुन्हा तिकडे. कंपनीच्या तिमाही अहवालात मात्र 'नेतृत्व हस्तांतरण' हा रकाना हिरवा, पूर्ण. मीच भरला होता.

सल्लागारबाईंना फोन केला. त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, शेड्यूल वन हा शब्द मी पहिल्यांदा ऐकतेय. पुढच्या संस्थेत पहिल्याच सत्रात त्या ताजी नक्कल मागणार आहेत. तुम्हीही सल्लागार नेमण्याआधी ती काढाच, आणि नावं नीट वाचा.

चौदाव्या महिन्यात आदेश झाला. नक्कल हातात आली तेव्हा जिन्यातच उभी राहून सातही नावं दोनदा वाचली, स्पेलिंगसकट. बँकेचं काम नऊ दिवसांत झालं. दर्पण या संस्थांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर आणि आयकराच्या पोर्टलवरही नावं बदलावी लागतात, ते विसरू नका. मी विसरले होते.

पुढची निवडणूक २०२६ ची. नोटीस रजिस्टरवर सह्या घ्यायला मी स्वतः फिरणार आहे. गुरुजींकडेही. त्यांना साधे सभासद म्हणून बोलावणं आहे.